ब्रॉयलर इंजेक्शनने नाही, निवडीने वाढलाय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रॉयलर कोंबडीवर जे अर्धं पान होतं त्याचा फोटो माझ्या नणंदेने ठाण्याहून आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, वहिनी खरं सांगा, तुम्ही पण इंजेक्शन देता का? त्या पानात असं होतं की चाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी होणं शक्यच नाही, म्हणजे तिला हार्मोनचं इंजेक्शन देऊन फुगवलेलं असणार. वाचून मला दोन दिवस चैन पडलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी आंबेगाव तालुक्यात मंचरच्या पुढे ५ हजार पक्ष्यांचं शेड चालवते, कंपनीच्या करारावर, चौदा वर्षं झाली. लग्नाआधी झूलॉजीत बी.एस्सी. झालं होतं, ते असं कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. शेडचं सगळं काम मी आणि मिस्टर दोघंच बघतो, पिल्लं आली की पहिले चार दिवस ब्रूडरपाशी म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्यांपाशीच झोपायचं, तूस हलवायचं, ड्रिंकर धुवायचे, खाद्याच्या गोण्या ओढायच्या, मेलेली उचलून खड्ड्यात टाकायची, वहीत मरतुक लिहायची. आता ५ हजार पक्ष्यांना सुई टोचायची तर कोण टोचणार आणि कधी? वाढीचं हार्मोन हे प्रोटीन असतं, खाद्यातून दिलं तर बाकीच्या प्रोटीनसारखं पोटात पचून जाणार, म्हणजे द्यायचं तर टोचूनच आणि तेही पुन्हा पुन्हा, आणि आम्हाला पक्षी वाढवून दिल्याबद्दल कंपनीकडून किलोमागे जे सात-आठ रुपये ग्रोइंग चार्ज मिळतात त्यात हे बसणार कुठे. पिल्लाला मिळते ती लस, पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा म्हणजे मानमोडीच्या लशीचा थेंब, दुसऱ्या आठवड्यात पाण्यातून गंबोरो रोगाची लस. अँटिबायोटिकचा विषय वेगळा आहे आणि तो खरा आहे, पोल्ट्रीत गरज नसताना ते वापरलं गेलंय, सरकारने २०१९ साली जनावरांसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद केलं ते योग्यच केलं, त्यावर तुम्ही पान काढा, मी सगळ्यात आधी वाचेन. पण हार्मोन नाही हो.

मग एवढी वाढते कशाने, तर रक्ताने. म्हणजे जातीने, जीनने, काय म्हणायचं ते म्हणा. आणि हे कुणीतरी नीट मोजून बघितलंय. अमेरिकेत १९५७ सालच्या कोंबड्यांचा एक कळप मुद्दाम कसलीही निवड न करता पिढ्यानपिढ्या जसाच्या तसा सांभाळून ठेवलाय. २००१ साली नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यापीठातल्या लोकांनी ती जुनी कोंबडी आणि त्या वर्षीचा रॉस ३०८ ब्रॉयलर शेजारी शेजारी वाढवले, दोघांनाही जुन्या पद्धतीचं खाद्य घालून बघितलं आणि नवीन पद्धतीचं पण. ४२ दिवसांनी जुन्या खाद्यावरची जुनी कोंबडी ५३९ ग्रॅमची आणि नवीन खाद्यावरचा नवीन ब्रॉयलर २,६७२ ग्रॅमचा. पण खरी गंमत पुढे आहे, जुन्या कोंबडीला नवीन भारी खाद्य घातलं तरी ती काही फार पुढे सरकली नाही आणि नवीन ब्रॉयलर जुन्या साध्या खाद्यावर पण दोन किलोच्या वर गेला. त्यांनी हिशोब काढला की वाढीतला जो फरक पडलाय त्यातला ८५ ते ९० टक्के रक्ताचा, खाद्याचा फक्त १० ते १५. १,८१५ ग्रॅमला पोचायला नवीन पक्ष्याला ३२ दिवस लागले, जुन्याला त्याच्या जुन्या खाद्यावर १०१ दिवस लागले असते. यात इंजेक्शनला जागाच कुठे राहते?

हे होतं कसं ते समजायला लॅब लागत नाही, माझ्या शेडमध्ये या. पिल्लू येतं तेव्हा चाळीसेक ग्रॅमचं असतं, सगळी एकसारखी पिवळी, मुठीत दोन मावतात. एकाच दिवशी आलेली, एकच खाद्य, एकच पाणी, एकच बल्ब. पस्तिसाव्या दिवशी काट्यावर घ्या, एक दोन किलो तीनशे भरतो, शेजारचा एक किलो सातशे. हा जो फरक आहे ना तो सगळ्याचं मूळ. त्यातला काही फरक नशिबाचा असतो, कुणाला फीडरपाशी जागा मिळाली, कुणाला पहिल्या रात्री गारवा लागला, पण साधारण पाव ते अर्धा भाग आईबापाकडून आलेला असतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो. समजा कळपाची सरासरी दोन किलो आहे आणि तुम्ही फक्त दोन किलो चारशेवाले पक्षी ठेवले आणि त्यांच्याच अंड्यांतून पिल्लं काढली, तर पिल्लांची सरासरी काही दोन किलो चारशे येणार नाही, पण चारशेच्या तिसऱ्या हिश्श्याने म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅमने वर नक्की सरकेल. कोंबडी पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात एक पिढी. गाय-म्हशीत असं करायला एक माणूस म्हातारा होतो. दरवर्षी थोडंथोडं असं सत्तर वर्षं करत राहिलं की काय होतं ते आपल्या ताटात आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ च्या जाती एकाच खाद्यावर वाढवल्या, ५६ दिवसांनी वजनं भरली ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम. त्या तीन कोंबड्या शेजारी शेजारी ठेवलेला फोटो नेटवर खूप फिरतो, तुम्ही पण बघितला असेल.

सुरुवात कुठून झाली तेही सांगते कारण त्यात आपला संबंध आहे. दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत एका मोठ्या किराणा साखळीने उद्याची कोंबडी अशी स्पर्धाच लावली, देशभरातल्या ब्रीडरनी अंडी पाठवायची, ती एकाच ठिकाणी उबवायची, एकाच खाद्यावर पिल्लं वाढवायची आणि कापून छातीचं मांस कुणाचं भारी ते बघायचं. १९४८ ला डेलावेअरमध्ये फायनल झाली, कॅलिफोर्नियाचा चार्ल्स व्हँट्रेस जिंकला. त्याची कोंबडी म्हणजे कॉर्निश आणि न्यू हँपशायर यांचा संकर. व्हँट्रेसचं नाव आजही जगातल्या दोन सगळ्यात मोठ्या ब्रीडिंग कंपन्यांपैकी एकीच्या नावात आहे, कॉब-व्हँट्रेस, आणि आपल्याकडे वेंकॉब म्हणून जो पक्षी घराघरात माहीत आहे त्यातला कॉब तोच.

आता कॉर्निश म्हणजे काय? इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात तयार झालेली जात, पण तिचं जुनं नाव इंडियन गेम. कारण तिच्यात आपला असील आहे! आंध्राकडे झुंजीसाठी पाळतात तो असील, रुंद छाती, जाड मांडी, लोखंडासारखं अंग. जगभरच्या ब्रॉयलरला जी छाती आहे तिच्या मुळाशी हा झुंजीचा कोंबडा आहे. आणि दुसरं तर आमच्या अगदी उशाशी आहे. ब्रॉयलरच्या पायाचा आणि कातडीचा जो पिवळा रंग असतो तो कोंबडीच्या मुख्य पूर्वजाकडून म्हणजे लाल रानकोंबड्याकडून आलेलाच नाही, २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तो जीन राखी रानकोंबड्याकडून आलाय. राखी रानकोंबडा दक्षिण आणि पश्चिम भारतातला, भीमाशंकरच्या जंगलात पहाटे ओरडतो तोच. माझ्या आत्यांचं म्हणजे सासूबाईंचं माहेर भीमाशंकरच्या बाजूला आहे, त्या लहानपणापासून त्याचं आरवणं ऐकत आल्यात, गावठी कोंबड्यासारखं लांब नाही, तुटक तुटक. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, म्हणजे ती पांढरी कोंबडी पण आपलीच की गं.

आपलीच आहे. म्हणूनच मला तिचं वाईट वाटतं, आणि तुमच्या लेखकाने इंजेक्शनच्या मागे लागून खरी गोष्ट सोडून दिली याचंही.

खरी गोष्ट अशी की एका गोष्टीसाठी निवडत गेलं की बाकीच्या गोष्टी सुटत जातात. तीन वर्षांपूर्वी लिफ्टिंगच्या दिवशी, म्हणजे कंपनीची गाडी पक्षी न्यायला येते त्या दिवशी, एक पिल्लू माझ्या मुलीने हट्टाने ठेवून घेतलं, नाव ठेवलं ढब्बी. तिला आत्यांच्या गावरान कोंबड्यांबरोबर अंगणात सोडलं. त्याच आठवड्यात फुटलेली गावरान पिल्लं तेव्हा मुठीएवढी होती, सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम असतील, आणि ही सव्वादोन किलोची. गावरान पिल्लं दिवसभर उकिरडा उकरायची, घार दिसली की क्षणात कडब्याखाली, संध्याकाळी शेवग्यावर चढून बसायची. ढब्बी त्यांच्या मागे निघायची, चार पावलं चालायची आणि बसायची. परत उठायची, परत चार पावलं. भांडं वाजलं की मात्र धावायचा प्रयत्न करायची, पंख पसरून, डोलत. संध्याकाळी शेवग्याच्या बुंध्याशी उभी राहून वर बघत राहायची, सगळ्यात खालची फांदी माझ्या गुडघ्याएवढीच होती पण ती कधी चढू शकली नाही. छातीच एवढी पुढे आलेली की अंगाचा तोलच पुढे जातो, पाय दूर फाकून उभं राहावं लागतं. तिसऱ्या महिन्यात पाच किलोच्या वर गेली, एक दिवस पाणी पिता पिता आडवी झाली. मिस्टरांनी उघडून बघितली तर पोटात पाणी झालेलं, हृदय मोठं झालेलं. शेडमध्ये हे आम्ही रोज बघतो, जलोदर म्हणतो आम्ही त्याला, मांस एवढ्या वेगाने वाढतं की हृदय आणि फुप्फुसं मागे पडतात. पण शेडमध्ये तो वहीतला आकडा असतो, ढब्बीला नाव होतं.

आणि उन्हाळा. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी बॅच ३८ दिवसांची झाली, गाडी पाठवतो म्हणून सांगितलं आणि गाडी तीन दिवस आली नाही, कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण हे सगळीकडेच होतं. दुपारी ४१ अंश. पत्र्यावर पाणी सोडलं, बाजूने ओलं गोणपाट बांधलं, फॉगर चालू, पाण्यात गूळ आणि व्हिटॅमिन सी, तरी सगळा शेड चोच उघडून धापा टाकत होता, त्याचा एक आवाज येतो, पाऊस पडल्यासारखा. पाच वाजेपर्यंत १६० पक्षी गेले. तेच ऊन अंगणात होतं, आणि आत्यांच्या कोंबड्या करंजाच्या झाडाखाली माती अंगावर घेत निवांत पडलेल्या. जो पक्षी इतकं खातो आणि इतक्या वेगाने वाढतो त्याच्या अंगातच भट्टी असते, ती उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे जागाच नाही.

याच्या वरच्या पायरीवर काय चालतं ते लोकांना माहीतच नसतं. ब्रॉयलरच्या आईबापांना, पॅरेंट म्हणतात त्यांना, पोटभर खायला घातलं तर ते एवढे जड होतील की अंडीच देणार नाहीत, मरून जातील. म्हणून वाढत्या वयात त्यांना जेवढं खावंसं वाटतं त्याच्या पाव ते निम्मंच देतात. म्हणजे भूक वाढवत वाढवत जात तयार केली आणि तीच भूक त्यांच्या आईबापांनी आयुष्यभर सोसायची. मला याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, एक बाई म्हणून पण होतो.

अजून एक सांगते, हे सगळं छातीसाठी झालंय. अमेरिकेत छातीचं पांढरं मांस खातात म्हणून सत्तर वर्षं निवड छातीवर झाली. आपल्याकडे लग्नात, जत्रेत, ढाब्यावर भांडण कशावरून होतं, लेग पीसवरून. छातीचा पीस रश्श्यात कोरडा लागतो म्हणून पोरं बाजूला सारतात. म्हणजे ज्या मांसासाठी पायाचा बळी दिला ते आपण आवडीने खात पण नाही. आता तर छातीच्या मांसात पांढऱ्या रेघा येणं, मांस लाकडासारखं कडक होणं हे प्रकार जगभर निघालेत, तेही या वेगाचंच फळ. कंपन्या आता पायाची हाडं, हृदय हेही बघून निवडतात, एक्स-रे वगैरे काढतात आणि त्याने काही गोष्टी सुधारल्यात, हे कबूल करायला हवं. पण काय निवडायचं ते ठरवणारे किती? जगातल्या बहुतेक ब्रॉयलरचं मूळ रक्त मोजून दोन मोठ्या घराण्यांकडे आहे. वर शुद्ध लाइन म्हणजे वेगवेगळे जपलेले वंश, मग त्यांची पिल्लं, मग ग्रँडपॅरेंट, मग पॅरेंट, मग आमच्याकडे येतं ते पिल्लू. बापाकडच्या लाइन मांसासाठी निवडलेल्या, आईकडच्या लाइनमध्ये मांसाबरोबर अंडी पण बघितलेली, आणि शेवटचा पक्षी हा चार लाइनचा संकर, त्याच्यापासून पुढे पिल्लं काढली तर ती एकसारखी निघत नाहीत. म्हणजे मी कितीही वर्षं शेड चालवलं तरी बियाणं माझं कधीच होणार नाही, कपाशीवाल्यांना हे लगेच समजेल.

आणि एवढ्या गाळणीतून गाळल्यावर मागे काय सुटतं ते पण मोजलंय. २००८ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आणि इतर देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून जगभरच्या कोंबड्यांचे जीन तपासले, तर धंद्याच्या एकेका लाइनमध्ये मूळ जातींमधली निम्मी किंवा त्याहून जास्त विविधता गायब. ती नुसती रंगाची विविधता नसते, त्यात उन्हात टिकणं असतं, रोगाशी लढणं असतं. १९९० च्या दशकात कोंबड्यांच्या रक्ताच्या कॅन्सरचा एक नवा विषाणू, इंग्रजी ‘J’ गटाचा म्हणतात त्याला, ब्रॉयलरच्या पॅरेंटमध्ये जगभर पसरला कारण रक्त सगळीकडे थोड्याच घरांतून जात होतं, अंड्यातून आईकडून पिल्लात. सगळे एका साच्याचे असले की एकाला जे लागतं ते सगळ्यांना लागतं.

मग सुटलेलं कुठे आहे? अंगणात आहे. आत्यांच्या बावीस कोंबड्यांत एकीसारखी दुसरी नाही, तांबडी, चितकबरी, राखी, एक तुरेवाली, एक उलट्या पिसांची आणि एक उघड्या मानेची. ती उघड्या मानेची दिसायला कुणाला आवडत नाही, पाहुणे आले की पोरं हसतात, पण तो एक जीन आहे जो अंगावरची पिसं कमी करतो, एका बाजूने आला तर साधारण पाचवा हिस्सा आणि दोन्हीकडून आला तर चाळीस टक्क्यांपर्यंत, आणि पिसं कमी म्हणजे उष्णता लवकर बाहेर. फ्रान्सच्या लांद भागात उघड्या मानेच्याच कोंबड्या वापरून त्यांनी महागड्या चिकनचा अख्खा धंदा उभा केलाय, लेबल रूज नावाने, तिथे कोंबडी किमान ८१ दिवस वाढवावीच लागते, मोकळी सोडावी लागते आणि लोक जास्त पैसे मोजून घेतात. निवड त्यांनी पण केली, पण हळू वाढणारी, चालणारी कोंबडी निवडली. म्हणजे निवड वाईट नाही, काय निवडतो ते महत्त्वाचं.

आणि इथे आपली चूक सांगते, कारण कंपन्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आपण गावात उलटी निवड करतो. जत्रा आली, जावई आला, बाजाराला पैसे लागले की कळपातला सगळ्यात मोठा कोंबडा आधी जातो, त्यालाच भाव मिळतो ना. मागे उरतो बारका, आणि तोच पुढच्या पिल्लांचा बाप होतो. वर्षानुवर्षं असं चालल्यावर आपण म्हणतो गावरान कोंबडी वाढतच नाही. वाढेल कशी, वाढणाऱ्याला तर आपण दरवेळी कापून खाल्लं! आत्या कोंबड्यांच्या बाबतीत मात्र फार चोखंदळ, जी घार बघून पिल्लं पंखाखाली घेते ती ठेवायची, जी अंडी फोडते ती विकायची, मानमोडीच्या साथीत जी वाचली तिची अंडी खुडुकीखाली म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवायची. ही निवडच आहे, साठ वर्षांची. फक्त कोंबड्याकडे त्यांचं कधी लक्ष नव्हतं.

म्हणून पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी ठरवलं, मोठा कोंबडा कापायचा नाही. तीन महिन्यांच्या पिल्लांची वजनं मुलीच्या जुन्या वहीत लिहायला लागलो, पायात रंगीत दोरा बांधून. सगळ्यात जड दोन नर ठेवायचे, पण जड असून चपळ हवेत, झाडावर चढणारे, ही अट आत्यांची. दर दीड वर्षाने नर बदलायचे, पलीकडच्या वाडीतल्या एका मावशींशी अदलाबदल, नाहीतर बाप-लेकीचं रक्त एक होऊन अंडी पोकळ निघायला लागतात. पहिल्या वर्षी तीन महिन्यांच्या पिल्लांची सरासरी ६२० ग्रॅम होती, या वर्षी ७५० आहे. थोड्याच पिल्लांची वही आहे, आणि मी आता खुराक पण थोडा बरा देते, त्यामुळे सगळं निवडीचंच श्रेय असं मी म्हणणार नाही. पण खुडूक बसणं गेलं नाही, घारीची भीती गेली नाही, हे मला वजनापेक्षा मोठं वाटतं. कारण सरकारी योजनेतून जी सुधारित पिल्लं येतात, वनराज, गिरिराज, ती वजनाला आणि अंड्याला चांगलीच आहेत, किती बायकांचा संसार त्यावर सावरलाय, पण त्या कोंबड्या खुडूक बसत नाहीत. त्यांचे नर गावच्या कोंबड्यांत मिसळले की दोन-तीन पिढ्यांत खुडूकपण पातळ होतं आणि मग पिल्लं विकतच आणावी लागतात. आमच्या वाडीत आज स्वतः उबवणाऱ्या कोंबड्या किती उरल्यात ते मी दारोदार फिरून मोजलंय, सदतीस घरांत अकरा.

माझी मागणी मोठी नाही. नंदुरबार-धुळ्याकडची आणि गुजरातच्या सीमेवरची बुसरा कोंबडी कर्नालच्या, देशी जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे जात म्हणून नोंदलेली आहे, लहानखुरी आहे पण नोंद झाल्यामुळे तिला नाव तरी आहे. तशी सह्याद्रीच्या कुशीतल्या गावरान कोंबड्यांची पाहणी आपल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने करावी, शिरवळचं कॉलेज तर आम्हाला जवळ आहे. मुलांना सुट्टीत गावोगाव पाठवा, वजन, रंग, मान, पाय, खुडूक बसते का, एवढं जरी लिहून आणलं तरी खूप आहे. योजनेतून पिल्लं वाटता तसं एकदा गावातलाच चांगला नर ठेवणाऱ्या बाईला काहीतरी द्या, म्हणजे ती जत्रेला तो विकणार नाही, कारण आज तिला तो ठेवणं परवडत नाही, आठशे-हजार रुपये हातचे जातात. आणि उघड्या मानेच्या, उलट्या पिसांच्या कोंबड्या अशुभ म्हणून नाहीतर उताऱ्याला म्हणून ज्या संपवल्या जातात त्याबद्दल तुमच्यासारख्या पेपरने एकदा तरी लिहावं.

तुमच्या लेखकाला आमच्याकडे पाठवा. बॅच आली की पहिल्या दिवशी या आणि पस्तिसाव्या दिवशी पुन्हा या, शेडला कुलूप नसतं, सुई दिसली तर फोटो काढून छापा. मग अंगणात बसून आत्यांशी बोला आणि वही बघा. उघड्या मानेच्या कोंबडीची नऊ अंडी सध्या तांबड्या खुडुकीखाली आहेत, बाप पलीकडच्या वाडीचा आहे, येत्या गुरुवारी एकविसावा दिवस.

आपली वाचक,
एक पोल्ट्रीधारक,
ता. आंबेगाव, जि. पुणे